बाकी १२७

इंदोरा, नागपूर
११ ऑगस्ट २०२५

अंकुश,

जयभीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायची आपल्याकडे रीत आहे. मी ती विसरलेले नाही, मुद्दाम सोडली आहे.

तुझ्या पुस्तकातलं बाबांवरचं प्रकरण मिळालं. सोळा वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला कागद, आणि तोही टाइप केलेला. वर चिठ्ठी: 'ताई, वाचून बघ. बाबांच्या भागाकारांच्या वह्या तुझ्याकडे आहेत, त्या पाठवल्यास तर पुस्तकात फोटो घालता येतील.' वाचलं. चौतीस वर्षं शाळेत गणिताच्या वह्या तपासून यंदाच निवृत्त झाले आहे. लाल पेन घेतल्याशिवाय मला वाचताच येत नाही, तेव्हा चुका सांगते.

पान एक. 'माझे वडील बळीराम सुखदेवे हे खाणकामगार होते.' नव्हते. सावनेरजवळच्या कोळसा खाणीत ते लॅम्परूममध्ये होते. पाळीवर उतरणाऱ्या माणसाकडून त्याच्या नंबरचं टोकन घ्यायचं आणि त्याला टोपीचा दिवा द्यायचा, एवढं त्यांचं काम. खाली ते आयुष्यात एकदाही उतरले नाहीत. पण खाणकामगार म्हटलं की पुण्याच्या वाचकाचा जीव हळहळतो, हे तुला बरोबर ठाऊक आहे.

पान तीन. 'एका विलक्षण संख्येने त्यांना झपाटले.' झपाटायला ती काय भूत होती? पाळीवर उतरणाऱ्या मारोतरावचं टोकन होतं ७३९. बाबांच्या लक्षात आलं, की ७३९ ही मूळसंख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग जात नाही. शेवटचा ९ पुसला तर ७३, तीही मूळ. ३ पुसला तर ७, तीही मूळ. मग त्यांनी उलट वाट धरली. उजवीकडे एकेक आकडा लावत जायचं आणि प्रत्येक पायरीवर मूळसंख्याच मिळाली पाहिजे. ७३९३. ७३९३९. ७३९३९१. ७३९३९१३. ७३९३९१३३. आठ आकडे, अंकुश. त्या शेवटच्या संख्येसाठी ८५९७ पर्यंतच्या एकूण एक मूळसंख्येनं भागून पाहिलं त्या माणसानं, हातानं, एकट्यानं, आणि प्रत्येक बाकी वहीत लिहून ठेवली. तू त्याला दोन ओळी दिल्यास. आपल्या परदेशवारीला दीड पान दिलंस.

पान पाच ठीक आहे. नववा आकडा सम किंवा ५ चालणार नाही. १ किंवा ७ लावला तर आकड्यांच्या बेरजेला तीनानं भाग जातो. ९ लावून पाहिला तर महिनाभरानं भाजक सापडला. उरला ३. म्हणजे ७३९३९१३३३. इथे मी बरोबरची खूण केली आहे.

पान सात. हे वाक्य मी तीनदा वाचलं. 'घरातल्या कोणाच्या तरी नजरचुकीने १२७ हा भाजक निसटला.'

कोणाच्या तरी? आपल्या घरात काय बाजार भरत होता? भागाकार करणारे तिघंच. दहा हजारांच्या पुढचे भाजक बाबांचे. त्याखालचे आपल्या दोघांचे, आणि त्यातही वाटणी ठरलेली. शेवटी १ किंवा ३ असेल तो माझा, ७ किंवा ९ असेल तो तुझा. १२७ च्या शेवटी काय आहे ते बंगळूरूच्या तुझ्या प्रोफेसर मित्रांना विचार.

आणि 'सभेत एका प्राध्यापकांनी ती चूक निदर्शनास आणली' असं लिहून तू मोकळा झालास. मी होते गणितवाल्यांच्या त्या सभेत, तूही होतास. डिसेंबर १९८४, सीताबर्डीकडचा तो हॉल, सगळी धंतोलीची शिकलीसवरलेली मंडळी. बाबांच्या अंगात इस्त्रीचा बुशशर्ट, काखेत वह्यांचा गठ्ठा. त्यांनी फळ्यावर संख्या लिहिली आणि म्हणाले, "हे नऊ आकड्याची हाय, आन् शेवटून कितीबी पुसा, मूळच राह्यते." मधुसूदन नावाच्या प्राध्यापकांनी पाकिटाच्या पाठीवर पाच मिनिटं आकडेमोड केली आणि अगदी सौम्यपणे सांगितलं, "सुखदेवे, एकशे सत्तावीसनं भाग जातो हो." मागून कोणीतरी बोललं, "लॅम्परूममधला उजेड कमी पडला वाटतं." हॉल हसला. गठ्ठा सोडायची वेळच आली नाही. बाबांच्या आठ आकड्यांबद्दल त्या दिवशी कोणी एक शब्द विचारला नाही, आणि ते आठही खरे होते.

परतीच्या एसटीत बाबांनी पाटणसावंगी मागे पडेपर्यंत गठ्ठा मांडीवर धरून ठेवला. मग म्हणाले, "एकशे सत्तावीस कोणाच्या वाट्याले होता?"

तू म्हणालास, "माह्या."

म्हणजे तुझं तोंड तेव्हा चालत होतं. आता का चालत नाही? वह्या हव्या असतील तर छापील अक्षरात लिही, की १२७ चा भागाकार माझा होता आणि चूक माझी होती. त्याशिवाय या घरातून एक कागद बाहेर जाणार नाही.

प्रेमिला बळीराम सुखदेवे


२७ ऑगस्ट २०२५

अंकुश,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी. 'ठीक आहे ताई. चूक माझी होती असंच लिहितो. वह्या पाठव.'

एवढंच? लहानपणी गोटी कोणाची यावरून तू अर्धा अर्धा तास भांडायचास, आईनं लाटणं दाखवलं तरी हटायचा नाहीस. सोळा वर्षांपूर्वी बाबांना पोचवून आल्यावर मी अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुह्या एका भागाकारानं मेला हा माणूस," तेव्हाही तू भांडला नाहीस. बॅग उचललीस आणि निघालास. मी समजले, पटलं म्हणून गेला. आताही पटलं म्हणूनच लिहितोस ना? की वह्या हव्यात म्हणून? पुस्तकासाठी तू काहीही कबूल करशील, असं मला वाटायला लागलं आहे.

तू काय घालवलंस ते तरी नीट माहीत आहे का? नऊ आकड्यांसाठी सत्तावीस हजारांच्या पुढपर्यंत भाजक तपासावे लागले, जवळजवळ तीन हजार. १२७ हा त्यातला एकतिसावा. पहिल्याच महिन्यात त्याची बाकी शून्य आली असती तर पुढचं वर्षभराचं काम वाचलं असतं, आणि ती सभाही झाली नसती. बाबांनी त्यानंतर पेन्सिल हातात धरली ती फक्त लॅम्परूमच्या रजिस्टरसाठी.

तुला त्यांनी मारलं नाही. जूनमध्ये वसतिगृहात टाकलं आणि पुन्हा कधी एक गणित घातलं नाही. तुझी पीएचडी झाल्याचं पत्र आलं ते त्यांनी रेडिओखाली सरकवून ठेवलं. वाचलं की नाही, मला माहीत नाही. मला मात्र रोज संध्याकाळी विचारायचे, "आज काय शिकवलं वं पोराईले?" हा त्यांचा मोठेपणा. सभेच्या आधी त्यांनी सांगितलं होतं, "हा आकडा उभा राह्यला का प्रेमिलाले नागपूरले कॉलेजात टाकतो." आकडा आडवा झाला, तरी मला पाठवलंच. ती चूक माझी नव्हती ना.

वह्यांचा गठ्ठा माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. सभेला निघायच्या सकाळी बाबांनी खाणीतली कापडी पट्टी गुंडाळून जी गाठ मारली, ती तशीच आहे. त्यांनी सोडली नाही, मीही सोडली नाही. आता सोडते. १२७ चं पान काढून झेरॉक्स करते आणि तुला पाठवते. तेच छाप, तुझ्या कबुलीजबाबाच्या बाजूला. बाकीच्या वह्या मग बघू.

प्रेमिला बळीराम सुखदेवे


९ सप्टेंबर २०२५

अंकुश,

वह्या पाठवत नाही. झेरॉक्सही नाही. वाळवी लागली आहे.

ते प्रकरणच पुस्तकातून काढून टाक. बाबांना जन्मात एकदा लोक हसले तेवढं पुरे. पुन्हा छापून हसवायची गरज नाही.

फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

प्रेमिला


४ ऑक्टोबर २०२५

अंकुश,

जयभीम. दसऱ्याला घरात अठरा पाहुणे होते, पारशिवनीची रुखमाबाई तर आठ दिवस मुक्काम ठोकून होती, म्हणून उत्तराला उशीर. हे कारण खोटं आहे. तुझं पत्र वीस तारखेलाच आलं. फ्रिजवर ठेवलं होतं. रुखमाबाई दोनदा म्हणाली, "पत्र आलं हाय वं, वाचत काहून नाही?" तिला काय सांगू?

तुझ्या पत्रातल्या चार ओळी इथे उतरवून काढते, कारण तू त्या नाकारायला पुढे कमी करणार नाहीस. 'ताई, गाठ सोडलीस वाटतं. वाळवी नसणार. सभेच्या सकाळी पानांवर क्रमांक टाकायला बाबांनी मला बसवलं होतं, तेव्हा ती ओळ दिसली. ते इस्त्रीचा शर्ट घेऊन आले होते आणि तुझ्या कॉलेजचं आईला सांगत होते.'

वाळवी नाही. एक अक्षर खराब झालेलं नाही.

आता मी लिहिते ते नीट वाच, कारण दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

नवव्या आकड्याचं काम सुरू झालं त्या साली तुला गोवर आला होता. बाबांनी तुझी वीस भाजकांची यादी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "पोरगा उठेतोपर्यंत तू पाह्य." वर्षभरानं एसटीत त्यांनाही ते आठवलं नाही. हे मी विसरले होते असं म्हटलं तर तू विश्वास ठेवशील. पण खरं म्हणजे मी ते आठवायचं टाळत आले. इतकी वर्षं टाळलं की शेवटी विसरल्यासारखंच झालं. सातनं आणि नवानं संपणारे भाजक अंकुशचे, हा नियम मी जपून ठेवला, आणि गोवराचा आठवडा त्यातून गाळला.

बाबांची सोपी रीत तुला आठवत असेल. अख्खी नऊ आकडी संख्या भागायची नाही. आठ आकड्यांच्या जुन्या वहीत त्या भाजकाची बाकी आहेच. ती घ्यायची, तिच्यापुढे ३ लिहायचा आणि तेवढ्यालाच भागायचं. १२७ ची जुनी बाकी ११४. पुढे ३ लावला की ११४३. तिसरीतल्या पोराचं गणित. एकशे सत्तावीस नव्वे अकराशे त्रेचाळीस, बाकी शून्य, खेळ खलास.

मी आठनं भाग लावला. १०१६. वजा केलं, उरले १२७. आणि शेवटच्या रकान्यात शाईनं लिहिलं १२७. भाजक १२७, बाकी १२७.

अंकुश, चौतीस वर्षं मी दर जूनमध्ये फळ्यावर पहिलं वाक्य लिहीत आले: बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते. ज्या पोरानं चूक केली त्याला ते पन्नास वेळा लिहायला लावलं. मोनाली नावाची एक मुलगी रडली होती, तरी लावलं.

बाबांना कसं दिसलं नाही, असं आता विचारू नकोस. ते फक्त शेवटच्या रकान्यात शून्य शोधायचे. शून्य नव्हतं, पुढे गेले. मी घाईत होते. शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाचाची तालीम होती आणि माझ्या वर्गातली जयवंता दारात उभी राहून "चाल ना वं" म्हणून जीव खात होती. ते वीस भागाकार मी उभ्यानं केले. नाच कोणता होता तेही आता आठवत नाही.

आणि त्या १२७ च्या खाली पेन्सिलीत, बारीक अक्षरात, '९ वेळा. ०'. तुझा नऊ तेव्हाही मागे झुकायचा, अजूनही झुकतो. पाकिटावरच्या पिनकोडात पाहिला.

गाठ बाबांच्या हातची होती, म्हणजे ते शून्य गाठ बसण्याआधीचं. हे मी गठ्ठा मांडीवर घेऊन पहिल्या पाच मिनिटांतच ओळखलं. प्राध्यापकांना लागला तेवढाच वेळ. मग तुला वाळवीचं पत्र लिहिलं. हो, लाजले म्हणून लिहिलं. तुझ्यासमोर लाजायची सवय नाही मला.

आता तू वाट बघत असशील, की ताई माफी मागेल. मागणार नाही. मला तुझा राग आलेला आहे, पहिल्यापेक्षा जास्त.

तुला कोणी सांगितलं होतं? अकरा वर्षांचा होतास तू. मला वाचवायला निघालास आणि बाबांना त्या फळ्यापुढे उभं केलंस. त्या सकाळी एक शब्द बोलला असतास, तर ते घरातल्या घरात चिडले असते. मला चार शब्द बोलले असते. कदाचित कॉलेज गेलं असतं, कदाचित नसतं गेलं. मी सावनेरलाच राहून शिकवण्या केल्या असत्या, काही मेले नसते. पण त्यांना कोणी हसलं नसतं. बाबांचा शर्ट बघून तुझी जीभ अडली, हे मला कळतं. मी अकरा वर्षांची असते तर माझीही अडली असती. कळतं म्हणून राग जात नाही.

आणि दुसरं. एसटीत 'माह्या' म्हणालास, ठीक आहे, पोर होतास. पुढे? पंचवीस वर्षं होती बाबांच्या हातात. एकदा तरी त्यांच्यासमोर बसून सांगायचं होतंस. त्यांनी तुझ्याकडे बघायचं सोडलं आणि तू ते चालू दिलंस. माझ्याशी ते रोज गणिताच्या गप्पा मारायचे. त्या गप्पा तुझ्या होत्या, आणि मी त्या फुकट खाल्ल्या. हे मला न विचारता तू माझ्या ताटात वाढलंस. वर अंगणात मी तुला नको ते बोलले, तेही ऐकून घेतलंस. मग मी सोळा वर्षं तुझ्या नावानं खडे फोडत राहिले, प्रत्येक पाहुण्याजवळ. आता त्या सगळ्यांकडे जाऊन मी काय सांगू? रुखमाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "पोरगं चांगलं हाय." दुसऱ्या दिवशी मी तिला कळमेश्वरच्या बसमध्ये बसवून दिलं, तिची पुतणी राहते तिथे.

'वडिलांना वाईट वाटू नये म्हणून' असलं काही पुस्तकात लिहू नकोस. तू चांगला होतास हे वाचकांना कळायची गरज नाही. मला कळलं तेवढं मला जड झालं आहे.

आता कामाचं. वह्या स्पीड पोस्टानं आजच पाठवल्या आहेत, सतरा. पट्टीही आत आहे, ती टाकून देऊ नकोस. पान सातवरचं वाक्य बदल. 'कोणाच्या तरी' खोड. मला पाठवलेलं 'चूक माझी होती' हेही खोड. त्या जागी एवढंच लिही: '१२७ चा भागाकार प्रेमिलाने केला. तिने बाकी १२७ लिहिली.' नाव पूर्ण लिही. गणिताची शिक्षिका होती हेही लिही. माझे विद्यार्थी वाचतील, वाचू देत. मोनालीला एक प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे, ती आता सदरला बँकेत आहे.

आणि त्याच्या आधी, वेगळ्या ओळीवर, मोठ्या अक्षरात ७३९३९१३३. खाली ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७. एकेक पायरी वेगळ्या ओळीवर. नववा आकडा असूच शकत नाही, हे बाहेरच्या जगात आधीच कोणीतरी मोजून ठेवलं होतं, असं तू पान नऊवर लिहिलं आहेस. त्याच्यापुढे जोड, की म्हणजे लॅम्परूममधला माणूस टोकापर्यंत पोचला होता, फक्त ते टोक आहे हे त्याला कोणी सांगितलं नाही. हे तू मला का लिहायला लावतोस? हे तुला सुचायला हवं होतं.

१२७ च्या पानावर मी माझी ओळ खोडलेली नाही. तिच्या शेजारी लाल पेनानं चुकीची खूण केली आहे आणि आजच्या तारखेची सही. तेच पान छाप. तुझं शून्य पेन्सिलीतलं आहे, फार फिकट झालं आहे. छापणाऱ्याला बजावून सांग, ते दिसलं पाहिजे.

ताई